पटलातील लिपिडे : घटक की माध्यम?

पेशीला बाहेरच्या परिसरापासून वेगळे ठेवणारे आणि पेशीच्या आतही तंतुकणिका, केंद्रक यांसारखे कप्पे पाडणारे पटल मुख्यत्वे दोन प्रकारच्या रेणूंचे बनलेले असते : लिपिडे आणि प्रथिने. लिपिडाच्या रेणूला पाण्याशी सहज जुळणारे एक शीर्ष आणि पाणी टाळणाऱ्या, मेदाम्लांच्या बहुधा दोन लांब शेपट्या असतात. असे रेणू पाण्यात आले की शेपट्या आत आणि शीर्षे बाहेर अशा रीतीने ते आपोआप दोन थरांत लागतात आणि सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचा द्विस्तर तयार होतो. प्रथिने या द्विस्तरात रुतलेली असतात, आणि आयनांची ने-आण करणे, संप्रेरकाचा निरोप आत पोचवणे, ऊर्जेचे रूपांतर घडवणे ही कामे त्यांच्याकडे असतात. दोहोंचे प्रमाण पटलागणिक बदलते. चेतातंतूंवरील मायलिनच्या वेष्टनात वजनाने सुमारे तीन-चतुर्थांश भाग लिपिडांचा असतो, तर तंतुकणिकेच्या आतल्या पटलात जवळपास तेवढाच भाग प्रथिनांचा. इथपर्यंत कोणाचाही वाद नाही. प्रथिन काम करत असताना त्याच्याभोवतीची लिपिडे नेमके काय करतात, हा प्रश्न मात्र गेली पन्नास वर्षे मतभेदांचा विषय राहिला आहे.

पुढील संवादात त्यातील दोन प्रमुख भूमिका समोरासमोर ठेवल्या आहेत. जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या बाईंच्या मते लिपिड हा प्रथिनाचा घटकच असतो. ठरावीक लिपिड ठरावीक जागी बसते आणि ते नसेल तर प्रथिन अपुरे राहते. जैवभौतिकीचे प्राध्यापक असलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांच्या, म्हणजे सरांच्या, मते लिपिडांचा समुदाय हे एक माध्यम आहे आणि प्रथिनावर परिणाम होतो तो त्या माध्यमाची जाडी, ताण, वक्रता आणि विद्युतभार यांचा, एखाद्या सुट्या रेणूचा नव्हे. दोन्ही पात्रे कल्पित आहेत. ज्या प्रयोगांचा ते आधार घेतात, ते मात्र खरे आहेत.

सरांनी आरंभ इतिहासापासून केला. १९२५ साली लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील लिपिडे अ‍ॅसिटोनने काढून पाण्याच्या पृष्ठभागावर पसरली आणि त्यांचा एकेरी थर पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरतो असे मोजले. द्विस्तराची कल्पना तेथून निघाली. त्यांच्याकडून सगळी लिपिडे निघाली नव्हती आणि पेशींचे क्षेत्रफळही त्यांनी कमी धरले होते, पण दोन्ही चुका एकमेकींना छेदून गेल्या आणि निष्कर्ष बरोबर निघाला.

“म्हणजे लिपिडांची पहिली ओळख झाली ती क्षेत्रफळ म्हणून,” सरांनी पुढे मांडले. “१९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकमेकींत विलीन केली, तेव्हा दोहोंची पृष्ठप्रथिने ३७ अंश सेल्सिअसला चाळीस मिनिटांत एकमेकांत पूर्ण मिसळली. दोन वर्षांनी सिंगर आणि निकोल्सन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रवाही मोझेकची प्रतिकृती मांडली, तिचा गाभा हाच आहे की लिपिडांचा द्रव पसरलेला आहे आणि प्रथिने त्यात तरंगत आहेत. द्रवाला घनता आणि श्यानता असते. त्यातील प्रत्येक रेणूला वेगळे नाव द्यावे लागत नाही.”

बाईंनी याच लेखावर बोट ठेवले. “सर, त्या लेखाच्या सारांशातच म्हटले आहे की लिपिडांचा थोडा भाग पटल-प्रथिनांशी विशिष्ट रीतीने जोडलेला असू शकेल. पाठ्यपुस्तकांनी समुद्राचे चित्र उचलले आणि हे वाक्य मागे ठेवले. शिवाय हा समुद्र मोकळा नाही. सर्वसाधारण पटलात एका प्रथिनामागे पन्नासेक लिपिडे येतात, आणि एका मध्यम आकाराच्या प्रथिनाभोवती एकेरी वेढा पडायलाच त्यांतली कितीतरी खर्ची पडतात. दुरून शांत दिसणारा समुद्र मुळात उरतोच किती?”

त्यांचा रोख सत्तरच्या दशकातील एका मोठ्या वादाकडे होता. १९७३ मध्ये जोस्ट, ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायटोक्रोम ऑक्सिडेज या तंतुकणिकेतील विकराभोवतीची लिपिडे इलेक्ट्रॉन-फिरकी अनुस्पंदनाने तपासली. या पद्धतीत लिपिडाच्या शेपटीला एक अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला गट जोडतात आणि त्याच्या हालचालीवरून शेपटी किती मोकळी आहे ते कळते. विकराला खेटून असलेल्या लिपिडांची हालचाल मंदावलेली आढळली, आणि ‘सीमावर्ती लिपिड’ ही संज्ञा रूढ झाली. पाठोपाठ वॉरन, मेटकाफ, ली आणि त्यांचे सहकारी यांनी स्नायूंतील कॅल्शियम-पंपावर काम करून दाखवले की त्याच्याभोवती सुमारे तीस लिपिडांचे कडे शाबूत असेपर्यंतच पंप नीट चालतो. कडे विरळ केले की क्रियाशीलता घटत जाते. रसायनाच्या बाजूचा उत्साह त्या काळी शिगेला पोचला होता, कारण प्रथिनाला स्वतःचे असे लिपिडांचे वेष्टन आहे, हे जणू सिद्धच झाले होते.

“आणि मग अणुगर्भीय चुंबकीय अनुस्पंदनाने तेच नमुने पाहिले गेले,” सरांनी आठवण करून दिली. “लिपिडाच्या शेपटीतील हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घालून मोजले, तेव्हा दोन प्रकारची लिपिडे दिसलीच नाहीत, एकच सरासरी संकेत मिळाला. कडे असते तर ते गेले कुठे?”

उत्तर दोन उपकरणांच्या वेळ मोजण्याच्या क्षमतेत होते. कड्यातील एक लिपिड बाहेरच्या लिपिडाशी सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा जागा बदलते. इलेक्ट्रॉन-फिरकीचे उपकरण याहून वेगवान घडामोडी टिपते, म्हणून त्याला प्रथिनालगतचे आणि दूरचे असे दोन समूह वेगळे दिसतात. ड्यूटेरियमचे मापन याच्या मानाने फार सावकाश चालते, म्हणून तेवढ्या वेळात प्रत्येक लिपिड अनेकदा आत-बाहेर करून आलेले असते आणि सरासरीच हाती लागते. दोन्ही मापने बरोबर होती. या प्रकरणात वर्षानुवर्षे जो कडवटपणा साचला तो टाळता आला असता, कारण ‘बांधलेले’ म्हणजे किती काळ बांधलेले, हे आधी ठरवूनच वादाला बसायला हवे होते. एक कोट्यांश सेकंद टिकणाऱ्या शेजाराला बंधन म्हणायचे की नाही, हे निसर्गाने ठरवून दिलेले नाही.

या खुलाशानंतर कडे हे कायमचे वेष्टन असल्याचा आग्रह बाईंनी सोडला, आणि सरांनी लगेच आपला पुढचा मुद्दा आणला. शेजारी इतक्या झपाट्याने बदलत असतील, तर प्रथिनाला जाणवणार ती शेजाऱ्यांची सरासरी, आणि सरासरी म्हणजेच माध्यम. कॅल्शियम-पंप वेगवेगळ्या लांबीच्या शेपट्यांच्या लिपिडांत बसवून पाहिला, तेव्हा १८ कार्बनांच्या शेपट्या असताना तो सर्वाधिक चालला आणि १४ किंवा २४ कार्बनांच्या शेपट्यांत मंदावला. शीर्ष सगळीकडे एकच होते, बदलली होती ती फक्त पटलाची जाडी. प्रथिनाच्या अंगावर पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचा एक पट्टा असतो आणि द्विस्तराच्या आतला पाणी टाळणारा भाग सुमारे ३ नॅनोमीटर जाड असतो. या दोन जाड्या जुळल्या नाहीत, तर लिपिडांना ताणावे किंवा दाबावे लागते, नाहीतर प्रथिनाला झुकावे लागते, आणि या प्रत्येकाला ऊर्जेची किंमत असते. मॉरिट्सेन आणि ब्लूम यांनी १९८४ मध्ये या ऊर्जेचे गणित मांडले आणि त्याला गादीची प्रतिकृती असे नाव दिले, कारण गादीतील स्प्रिंगा जशा वेगवेगळ्या उंचीच्या असल्या की पृष्ठभाग वर-खाली होतो, तसे प्रथिनालगतच्या पटलाचे होते.

“याहून ठसठशीत उदाहरण जिवाणूंत आहे, बाई,” सर म्हणाले. “जिवाणू खारट द्रावणातून एकाएकी गोड्या पाण्यात पडला की पाणी आत घुसते, पटल ताणले जाते आणि पेशी फुटायची वेळ येते. तेव्हा मोठ्या वाहकतेचा यांत्रिक-संवेदी आयनमार्ग उघडतो आणि आतले द्रव्य बाहेर सोडून पेशीला वाचवतो. हे प्रथिन शुद्ध करून साध्या लिपिड-द्विस्तरात बसवले, पेशीचा सांगाडा नाही, दुसरे प्रथिन नाही, तरीही ताण दिला की ते उघडते. पुढे पेरोझो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ताणही न देता, एकच शेपटी असलेली लिपिडे फक्त एका थरात घालून ते उघडून दाखवले. दोन थरांतील दाबाची वाटणी विषम झाली, एवढेच पुरले. येथे कोणते लिपिड कोणत्या खोबणीत बसले?”

बाईंनी हे उदाहरण नाकारले नाही. माध्यमवादी भूमिकेचे हे सर्वांत भक्कम ठाणे आहे आणि ते सोडवायला कोणी जाऊ नये, असेच त्यांचे मत पडले. मात्र एका आयनमार्गावरून सगळ्या पटलाचा न्याय करता येत नाही, म्हणून त्यांनी दुसरा आयनमार्ग पुढे केला. हृदयाच्या आणि सांगाड्याच्या स्नायूंत पोटॅशियमचे अंतर्मुखी आयनमार्ग असतात आणि पेशीचे विद्युतविभव विश्रांतीच्या पातळीवर ठेवण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. हिल्गेमान आणि बॉल यांनी १९९६ मध्ये हृदयाच्या स्नायुपेशींवर दाखवले की अशा काही मार्गांना चालू राहण्यासाठी पिप-टू हे लिपिड लागते. पिप-टू म्हणजे शीर्षावर इनॉसिटॉल ही शर्करासदृश कडी आणि तिच्या चौथ्या व पाचव्या जागी फॉस्फेट असलेले, अनेक ऋणभारांचे लिपिड. पेशीपटलातील लिपिडांत त्याचा वाटा जेमतेम एक टक्का असतो.

“एक टक्क्याने जाडी बदलत नाही, सर, आणि वक्रताही बदलत नाही,” बाईंनी स्पष्ट केले. “२०११ मध्ये मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेने या कुळातील एका मार्गाचे स्फटिकचित्र पिप-टूसह काढले. लिपिडाचे शीर्ष पटलाच्या आतल्या बाजूला एका ठरावीक खोबणीत, धनभारित अमिनो आम्लांच्या मिठीत बसलेले आहे. ते बसले की प्रथिनाचा पेशीद्रव्यातील भाग सुमारे ६ अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरच्या एक अब्जांश भागाच्या अर्ध्याहून थोडा अधिक, पटलाकडे वर सरकतो, सैल असलेला दुवा आवळून सर्पिल होतो आणि आतले दार उघडू लागते. त्या प्रयोगात वापरलेल्या पिप-टूच्या शेपट्या आखूड, आठ कार्बनांच्या होत्या. कामाला येते ते शीर्ष, आणि फॉस्फेटांची जागा बदललेली भावंडे या मार्गाला तसे उघडू शकत नाहीत. या वर्तनाला माध्यम म्हणता येणार नाही; संप्रेरक आणि ग्राही यांच्यात जे घडते तेच येथे घडते.”

या मुद्द्याचे वजन दवाखान्यातही जाणवते. अंतर्मुखी मार्गांपैकी एकाच्या जनुकात बिघाड झाला की अँडरसन-ताविल संलक्षण होते. त्यात अधूनमधून स्नायू लुळे पडतात आणि हृदयाची लय बिघडते, आणि यातील अनेक बिघाड पिप-टूची पकड सैल करणारे आहेत. बाईंनी त्याला जोडून कार्डिओलिपिनचा दाखला दिला. चार शेपट्या आणि दोन फॉस्फेट असलेले हे लिपिड तंतुकणिकेच्या आतल्या पटलात आढळते. बायर आणि क्लिंगेनबर्ग यांनी १९८५ मध्ये दाखवले की एडीपी आणि एटीपी यांची अदलाबदल करणारे वाहक-प्रथिन डिटर्जंटने पटलातून सोडवले तरी काही कार्डिओलिपिने त्याला चिकटूनच राहतात, आणि पुढे स्फटिकचित्रांतही ती दिसली. कार्डिओलिपिनच्या शेपट्यांची दुरुस्ती करणारे विकर बिघडले की बार्थ संलक्षण होते. त्यात प्रामुख्याने मुलगे सापडतात आणि त्यांच्या हृदयाचे स्नायू दुर्बल होतात.

सरांनी पहिले उदाहरण मान्य केले, दुसऱ्यावर मात्र अडून बसले. बार्थ संलक्षणात तीन शेपट्यांचे अपुरे कार्डिओलिपिन साचते. रेणूचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की तंतुकणिकेच्या पटलाच्या घड्यांना लागणारी वक्रता बिघडते. मग रोग होतो तो खोबणी रिकामी राहिल्याने की घड्या मोडल्याने? या प्रश्नावर बाईंकडे पटकन देण्यासारखे उत्तर नव्हते, आणि ते नसणे रास्तच आहे, कारण रोग्याच्या पेशीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्या वेगळ्या करणे सोपे नाही.

वेगळ्या कशा करायच्या, याचा वस्तुपाठ आतड्यातील एका साध्या जिवाणूवर, ह्यूस्टन येथे डाउहान आणि बोग्दानोव यांनी केलेल्या कामात सापडतो, आणि या विषयातील इतर कोणत्याही प्रयोगमालेपेक्षा ती अधिक बारकाईने वाचण्याजोगी आहे. ई. कोलाय या जिवाणूच्या पटलात फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन हे एकूण भार शून्य असलेले लिपिड सुमारे तीन-चतुर्थांश असते आणि उरलेली बहुतेक लिपिडे ऋणभारित असतात. हे मुख्य लिपिड बनवण्याचे जनुकच काढून टाकलेला वाण मॅग्नेशियमसारखे आयन भरपूर पुरवले तर जगतो. या वाणात दुधातील साखर आत घेणारे लॅक्टोज परमीएज हे प्रथिन पाहिले, तेव्हा ते तयार होत होते, पटलात शिरतही होते, पण त्याच्या बारा सर्पिलांपैकी पहिली सहा उलटी बसलेली होती. जे फास पेशीच्या आत असायला हवे ते बाहेर आणि बाहेरचे आत. साखर जास्तीकडून कमीकडे वाहून जाऊ देणे त्याला जमत होते, परंतु प्रोटॉनच्या जोरावर ती आत साठवणे थांबले होते. अमिनो आम्लांचा क्रम तोच, जनुक तेच, आणि केवळ शेजारची लिपिडे बदलल्याने प्रथिनाचा अर्धा भाग उलथा. त्याहून आश्चर्य म्हणजे लिपिडाचे उत्पादन नंतर सुरू केले, तेव्हा आधीच पटलात बसलेले प्रथिनही बऱ्याच अंशी पलटून सुलट झाले. पटलात एकदा शिरलेल्या प्रथिनाची मांडणी कायमची असते, ही समजूत या एका निरीक्षणाने मोडली.

“लिपिडाशिवाय प्रथिनाला स्वतःची दिशाही कळत नाही, याहून मोठा पुरावा काय हवा?” बाईंनी विचारले.

“पुरावा आहे, पण कशाचा?” सरांचे उत्तर आले. “त्याच गटाने पुढे लिपिडांची अदलाबदल केली. अकोलिप्लाझ्मा या दुसऱ्याच सूक्ष्मजीवाचे जनुक घालून त्या वाणात एक शर्करायुक्त, भारहीन लिपिड तयार करवले, तेव्हा प्रथिन सरळ बसले. फॉस्फॅटिडिलकोलिन तयार करवले, जे ई. कोलायमध्ये मुळी नसतेच, तरीही सरळ बसले. तीन लिपिडांची तीन शीर्षे. एका खोबणीत तिन्ही मावणार नाहीत. तिघांत समान आहे ते एवढेच की ती पटलाच्या पृष्ठभागावरील ऋणभार विरळ करतात.”

“आणि हेही खरे की लिपिडे न बदलता प्रथिनाच्या आतल्या फासांवर धनभार वाढवला, तरी ते सुलट बसले,” बाईंनीच पुरवणी जोडली, आणि ही प्रामाणिक भर या संवादातील सर्वांत मोलाची आहे. प्रथिनाचा धनभार आतल्या बाजूला राहतो, हा नियम फोन हायने यांनी १९८६ मध्ये दाखवला होता. लॅक्टोज परमीएजच्या प्रयोगांनी त्या नियमाच्या दुसऱ्या टोकाला लिपिडांचा भार उभा आहे, हे दाखवले. बाईंचा आक्षेप तेवढा शिल्लक राहिला की भार हाही रसायनाचाच गुण आहे. सरांनी तो हसून मान्य केला, तरी खोबणी नाही, हा मुद्दा त्यांनी सोडला नाही. आणि येथे सर बरोबर आहेत.

यातून जी कसोटी मिळते तिचा आग्रह धरायला हवा. एखादे लिपिड काढून टाकल्यावर प्रथिन बंद पडले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण लिपिड काढले की जाडी, भार, वक्रता आणि खोबणीतील पाहुणा हे सगळे एकदम बदलते. त्याच्या जागी गुणाने सारखे पण घडणीने वेगळे लिपिड घालून पाहावे लागते. त्याने काम भागले तर माध्यम, न भागले तर रेणू.

ही कसोटी सर्वत्र सारखी लागू होत नाही. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने मेंदूतील हिप्पोकॅम्पसच्या पटलांतून कोलेस्टेरॉल काढले, तेव्हा सेरोटोनिन-वन-ए या ग्राहीची आपल्या संदेशरेणूला धरून ठेवण्याची ताकद घटली, आणि कोलेस्टेरॉल परत दिल्यावर ती बऱ्याच अंशी भरून आली. कोलेस्टेरॉल पटलाला घट्टही करते आणि प्रथिनाच्या खाचांतही बसते. त्यामुळे येथे दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे राखता येते. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सत्यजित मेयर आणि त्यांचे सहकारी यांचे काम तर दोन्ही पक्षांना अडचणीत आणते. लिपिडाच्या नांगराने पटलाच्या बाहेरच्या थराला अडकवलेली प्रथिने जिवंत पेशीत अतिशय छोट्या पुंजक्यांत राहतात, आणि ते पुंजके आतल्या थराखालील अ‍ॅक्टिन तंतूंच्या सततच्या हालचालीने घडतात. दोन थरांना जोडणारा दुवा असतो आतल्या थरातील लांब शेपट्यांचे फॉस्फॅटिडिलसेरीन. येथे खोबणी पुरत नाही आणि निवांत पडून असलेले माध्यमही पुरत नाही, कारण पेशी ऊर्जा खर्चून पटल ढवळत असते.

शेवटी बोलणे प्रथिने शुद्ध करण्याच्या रीतीकडे वळले, आणि येथे दोघांचे एकमत झाले. पटलातील प्रथिन बाहेर काढण्यासाठी डिटर्जंट वापरतात. तो लिपिडांची जागा घेतो, आणि सैल बसलेली लिपिडे धुऊन जातात. मिरचीचा तिखटपणा ओळखणाऱ्या टीआरपीव्ही-वन या आयनमार्गाची पहिली तपशीलवार रचना २०१३ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शीने मिळाली, तेव्हा प्रथिन पटलातून बाहेर काढून एका बहुवारिकाच्या आधाराने पाण्यात ठेवले होते. २०१६ मध्ये तेच प्रथिन लिपिडांच्या एका चिमुकल्या चकतीत, म्हणजे नॅनोडिस्कमध्ये, ठेवून पाहिले, तेव्हा मिरचीतील कॅप्सायसिन जेथे जाऊन बसते त्याच खोबणीत फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल हे पटलातील लिपिड आधीच मुक्कामाला असल्याचे ओळखता आले. कॅप्सायसिनच्या जातीचा रेणू आला की तो या लिपिडाला उठवून त्याची जागा घेतो आणि मार्ग उघडतो.

पटल-प्रथिनाची रचना प्रसिद्ध होते तेव्हा तिच्यात लिपिड दिसत नसेल, तर ते तेथे नव्हतेच असे समजू नये. ते प्रथिन कोणत्या डिटर्जंटमध्ये किती वेळ धुतले गेले, हे आधी वाचावे. आणि जे विद्यार्थी आज महाराष्ट्रातील प्रयोगशाळांत अशी प्रथिने शुद्ध करत आहेत, त्यांनी आपल्या वहीत प्रथिनाच्या उताऱ्याशेजारी त्याच्यासोबत उरलेल्या लिपिडांचे मापही नोंदवावे.